एक सत्र लियोंमध्ये : अमेरिकेतून फ्रान्सला शिकायला जाणाऱ्यांसाठी रोजच्या जगण्याचं मार्गदर्शन

अमेरिकेतल्या कॉलेजात तिसऱ्या वर्षी एक सत्र परदेशात शिकायची पद्धत जुनी आहे. न्यू जर्सी, टेक्सास, बे एरियातल्या मराठी घरांतली मुलंही आता त्यात दिसतात, आणि मी लियोंमध्ये राहत असल्यामुळे त्यांच्या आईवडिलांचे फोन मला येतात. प्रश्न ठरलेले असतात : शहर सुरक्षित आहे ना, शाकाहारी काही मिळेल का, थंडी किती असते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पुढे येतीलच. पण खरी काळजी ज्याची करायला हवी, ते सहसा कोणी विचारत नाही. चार महिने फ्रान्समध्ये राहूनही मूल फ्रेंच न बोलता परत जाऊ शकतं. सोबतची अमेरिकन मुलं आपसांत इंग्रजीच बोलतात, घरी फोनवर इंग्रजी-मराठी चालते, उच्चार ऐकून दुकानदारही इंग्रजीवर येतो, आणि शनिवार-रविवार स्वस्त विमानाने बार्सिलोना नाहीतर रोम.

भाषा वर्गात थोडीच शिकली जाते. बाकीची येते रोज भेटणाऱ्या त्याच त्या माणसांकडून. म्हणून राहणं, जेवण, बाजार, छंद हे सगळं असं बसवायचं की चार-पाच फ्रेंच माणसांशी रोज बोलावंच लागेल. पुढचे टप्पे याच हिशेबाने लिहिले आहेत. उदाहरणं लियोंची आहेत, पण ग्रनोबल, आँजे, तूलूझ, एक्स-आँ-प्रोव्हाँस कुठेही गेलात तरी बहुतेक सगळं लागू पडेल.

पहिला टप्पा : निघण्याआधी

अमेरिकन पासपोर्टवर शेंगेन देशांत (फ्रान्ससह युरोपातले, आपसांत सीमेवर तपासणी नसलेले देश) १८० दिवसांपैकी ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. सत्र त्याहून लांबतं, त्यामुळे विद्यार्थ्याचा दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो. आधी कॅम्पस फ्रान्स या, परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या फ्रेंच सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर फाइल भरायची, तिथून मंजुरी आली की व्हिसा अर्ज केंद्रात वेळ घेऊन कागद आणि बोटांचे ठसे द्यायचे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, कॅम्पस फ्रान्सचं काम मात्र त्याच्याही आधी उरकून ठेवा. उन्हाळ्यात या केंद्रांत वेळ मिळणं कठीण जातं. मूल ग्रीन कार्डवर असेल आणि पासपोर्ट भारतीय असेल, तर ९० दिवसांची सवलत लागू होत नाही. थोड्या दिवसांच्या उन्हाळी कोर्सलाही व्हिसा लागतो.

व्हिसा हातात आला की त्यावरची ओळ नीट वाचा. त्यावर व्हीएलएस-टीएस (निवास परवाना म्हणूनही चालणारा दीर्घ मुदतीचा व्हिसा) असेल तर फ्रान्सला पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तो ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो आणि त्यासाठी सरकारी शुल्काचा टिंब्र फिस्काल, म्हणजे डिजिटल मुद्रांक, विकत घ्यावा लागतो. काही एका सत्राच्या व्हिसांवर ‘दिस्पाँस तांपोरेर’, म्हणजे तात्पुरती सूट, असं लिहिलेलं असतं, त्यांना हे करावं लागत नाही. पहिल्या प्रकारातल्या मुलांनी हे काम पहिल्याच आठवड्यात उरकावं. तीन महिने उलटले की मुक्काम बेकायदेशीर ठरतो, आणि ख्रिसमसला लंडनला जाऊन परत येताना सीमेवर अडचण येते.

सामानाबद्दल तीनच गोष्टी सांगते. एक, फ्रान्समध्ये वीज २३० व्होल्टची आहे. अमेरिकेतला राइस कुकर किंवा हेअर ड्रायर नुसता अडॅप्टर लावून वापरला तर जळतो. लॅपटॉप आणि फोनचे चार्जर दोन्ही व्होल्टेजवर चालतात, त्यांना अडॅप्टर पुरतो. दोन, नेहमीच्या औषधांची चिठ्ठी ब्रँडऐवजी औषधाच्या मूळ नावाने लिहून घ्या. तीन, फोन अनलॉक करून घ्या आणि अमेरिकन नंबर ई-सिमवर किंवा अगदी स्वस्त प्लॅनवर चालू ठेवा. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि तो येईनासा झाला की चार महिने सगळे व्यवहार अडतात.

दुसरा टप्पा : कुठे राहायचं

तीन पर्याय असतात : फ्रेंच कुटुंबात, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, किंवा भाड्याच्या खोलीत. पर्याय मिळत असेल तर कुटुंबातच राहा, असं माझं ठाम मत आहे. मुलांना त्यात बंधन वाटतं. पण संध्याकाळी साडेसात-आठला जेवणाच्या टेबलावर जो तास-दीड तास जातो, तेवढं फ्रेंच विद्यापीठात आठवडाभरात कानावर पडत नाही.

या टेबलाचे काही रिवाज आधीच माहीत असावेत. पाव ताटात ठेवत नाहीत, ताटाशेजारी सरळ टेबलावर ठेवतात आणि हाताने तोडून खातात. दोन्ही मनगटं टेबलावर दिसली पाहिजेत. एक हात मांडीवर ठेवून जेवायची अमेरिकन सवय इथे विचित्र दिसते. यजमानीण घास घेईपर्यंत थांबायचं. मुख्य जेवणानंतर चीज येतं. त्रिकोणी तुकडा असेल तर त्याचं टोक कापून घ्यायचं नाही, कडेने लांबट काप घ्यायचा, कारण मधला मऊ भाग सगळ्यांच्या वाट्याला यायला हवा. आणखी वाढू का असं विचारल्यावर नुसतं ‘मेर्सी’ (धन्यवाद) म्हटलं तर त्याचा अर्थ ‘नको’ असा होतो. हवं असेल तर ‘वी, आव्हेक प्लेझीर’, म्हणजे ‘हो, आनंदाने’, म्हणा. जेवण झाल्यावर ताट उचलून लगेच खोलीत जाणं उद्धट समजतात. टेबल आवरायला हात लावा आणि दहा मिनिटं बसा. बोलण्याची गाडी तिथेच सुटते.

घरातल्या बाकीच्या गोष्टींत फ्रेंच कुटुंबं पाणी आणि वीज जपून वापरतात. आंघोळ पाच-सात मिनिटांत उरकायची, खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करायचा. कपडे आठवड्यातून एकदा धुतले जातात आणि बहुतेक घरांत ड्रायर नसतो, ते दांडीवर वाळतात. जीन्स वाळायला दोन दिवस लागतात हे धरूनच कपडे न्या. फ्रिज उघडून मनाला येईल ते घेऊ नका, विचारा. आणि रात्री जेवायला येणार नसाल तर सकाळीच कळवा. यजमानीण तुमच्या नावाचा स्वयंपाक करून बसते, आणि न सांगता न येणं हीच मी सर्वांत जास्त ऐकलेली तक्रार आहे.

भाड्याने खोली घ्यायची असेल तर फर्निचरसह खोलीला दोन महिन्यांपर्यंत भाडं अनामत म्हणून घेता येतं, आणि घरमालक फ्रान्समध्ये कमावणारा जामीनदार मागतो. अमेरिकेतले आईवडील त्यात सहसा चालत नाहीत. त्यासाठी ‘व्हिझाल’ नावाची मोफत हमीची योजना आहे, ती १८ ते ३० वयाच्या विद्यार्थ्यांना मिळू शकते. खोली स्वतः पाहिल्याशिवाय किंवा तुमच्या कार्यक्रमाच्या ऑफिसमार्फत खात्री केल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. परदेशी विद्यार्थ्यांना खोट्या जाहिराती दाखवून पैसे उकळण्याचे प्रकार दरवर्षी घडतात. चावी घेताना ‘एता दे लिय’ नावाचा, खोलीच्या स्थितीची नोंद करणारा कागद भरतात. भिंतीवरचा ओरखडा, सैल नळ, खिडकीची फट, सगळं त्यात लिहून घ्या आणि फोटो काढा. निघताना त्याच कागदावरून अनामतीचा हिशेब होतो. घराचा विमाही भाडेकरूला काढावाच लागतो. ऑनलाइन दहा मिनिटांत निघतो.

तिसरा टप्पा : पहिला आठवडा

स्थानिक सिम लगेच घ्या. इथले प्लॅन अमेरिकेच्या मानाने खूप स्वस्त आहेत, आणि बंधनाशिवायचे महिन्याच्या बोलीवर मिळतात. मेट्रो, ट्राम, बस सगळ्यांना मिळून लियोंत टीसीएल या शहर वाहतूक सेवेचा एकच पास चालतो. विद्यार्थी दराचा पास काढा आणि चढताना दरवेळी मशीनला लावा. पास खिशात असून तो न लावल्यासही तपासनीस दंड करू शकतात. रोन आणि सोन या दोन नद्यांमधल्या सपाट भागात सायकलही सोयीची आहे. लियोंची वेलोव्ह ही भाड्याची सायकल सेवा २००५ सालापासून चालू आहे, पॅरिसच्याही आधीपासून.

बँक खातं एका सत्रासाठी शक्यतो उघडू नका. अमेरिकन नागरिकांच्या खात्यांची माहिती अमेरिकन कर विभागाला कळवण्याचा नियम असल्यामुळे बऱ्याच फ्रेंच बँका त्यांना टाळतात. परकीय व्यवहारावर शुल्क न लावणारं अमेरिकन कार्ड आणि थोडी रोख रक्कम पुरते. वर्षभर राहायचं असेल तर मात्र खात्याशिवाय भागत नाही.

विद्यापीठात थेट प्रवेश घेतलेल्यांना सीव्हेक ही शंभर युरोंच्या आसपासची विद्यार्थी वर्गणी भरावी लागते. दोन विद्यापीठांतल्या करारावर आलेल्यांना ती माफ असते. ऑफिसला विचारल्याशिवाय भरू नका.

चौथा टप्पा : दारातून आत गेल्यावर पहिला शब्द

बेकरी, औषधाचं दुकान, बसचा चालक, डॉक्टरच्या खोलीबाहेर बसलेली माणसं, कुठेही गेलात तरी पहिला शब्द ‘बोंजूर’. मग श्वासभर थांबायचं, समोरून बोंजूर येऊ द्यायचं, आणि मगच काम सांगायचं. अमेरिकन मुलं हसून थेट ‘एक क्रोसाँ मिळेल का’ म्हणतात. त्यांच्या दृष्टीने ते नम्रपणाचं असतं, पण काउंटरमागच्या बाईला आपली दखलच न घेतल्यासारखं वाटतं. फ्रेंच लोक तुटक वागतात अशी तक्रार करणाऱ्या बऱ्याच मुलांची तक्रार एवढ्या एका शब्दाने मिटलेली मी पाहिली आहे. निघताना ‘बॉन जुर्ने’, संध्याकाळी ‘बॉन स्वारे’.

‘तू’ आणि ‘व्हू’ यांत आपल्या मुलांना मोठी सोय आहे. ज्या घरात आजोबांना अहो-जाहो ऐकून वाढलेत, तिथे हा फरक समजावून सांगावा लागत नाही. विद्यार्थ्यांत ‘तू’, बाकी सगळ्यांना ‘व्हू’, आणि समोरच्या मोठ्या माणसाने सांगेपर्यंत बदलायचं नाही.

समोरचा इंग्रजीवर आला तर? घाबरू नका, त्याला मदतच करायची असते. हसून म्हणा, ‘झ प्रेफेर पार्ले फ्राँसे, सि सा न व्हू देराँज पा’, म्हणजे ‘तुमची हरकत नसेल तर मला फ्रेंच बोलायला आवडेल’. बहुतेक जण आनंदाने परत फ्रेंचवर येतात आणि सावकाश बोलतात. पण मागे रांग असेल तर हट्ट धरू नका.

आता या सगळ्यामागचा माझा आग्रह सांगते. घराजवळची एकच बेकरी ठरवा आणि रोज साधारण त्याच वेळी जा. तीच बाजारातल्या भाजीवाल्याची गोष्ट. क्रुआ-रूसच्या बुलव्हारवर किंवा सोनच्या काठी सेंत-आंत्वानच्या धक्क्यावर भरणाऱ्या बाजारात एकाच ठेल्यावरून घ्या. पहिल्या आठवड्यात बेकरीत ‘उन त्रादिस्यों’ (पारंपरिक पद्धतीचा लांब पाव) म्हणून पाव घेऊन निघाल. दुसऱ्या आठवड्यात बेकरीतली बाई विचारेल, चांगला भाजलेला हवा की कमी भाजलेला. तिसऱ्यात ती विचारेल, तुम्ही इथे शिकायला आलात का. दरवेळी नवं दुकान शोधणाऱ्याला पहिल्या आठवड्याचंच संभाषण चार महिने करत राहावं लागतं. बाजारातला भाव कानाने पकडायचा सराव होतो तो वेगळाच. फ्रान्समध्ये ७० ला ‘साठ-दहा’ आणि ९० ला ‘चार-वीस-दहा’ म्हणतात. सुरुवातीला सगळे गडबडतात.

रविवारी दुपारनंतर बरीचशी दुकानं बंद असतात, काही सोमवारीही. शनिवारी संध्याकाळी दूध-अंडी आणून ठेवा.

पाचवा टप्पा : शाकाहारी असाल तर

लियों हे मांसाहाराचं शहर आहे. इथल्या ‘बूशों’ नावाच्या पारंपरिक खानावळींत डुकराचे आणि आतड्यांचे पदार्थ असतात, आणि इथली प्रसिद्ध कनेल, म्हणजे उकडलेला लांबट गोळा, माशाची असते. कुटुंबात राहायचं असेल तर अर्ज करतानाच शाकाहार कळवा. नुसतं ‘व्हेजेतारियाँ’ पुरत नाही : ‘नि व्हियाँद, नि प्वासों, नि लार्दों’ असं सांगा, म्हणजे मांस नको, मासा नको, बेकनचे तुकडे नकोत. अंडं इथे शाकाहारातच धरतात. चालत नसेल तर तेही वेगळं सांगावं लागेल. कोंते, रब्लोशों यांसारखी बरीच जुनी चीज वासराच्या जठरातल्या एन्झाइमने जमवतात. ज्यांना ते चालत नाही, त्यांनी वेष्टणावर ‘प्रेझ्यूर’ हा शब्द पाहावा. सूपात कोंबडीचा रस असू शकतो.

खायला मात्र कमी नाही. बकरीच्या दुधाचं गरम चीज घातलेलं सॅलड, रातातूय (वांगं-टोमॅटोची मिश्र भाजी), मशरूम-अंड्याची गॅलेत (कुट्टूच्या पिठाचं धिरडं), आणि लियोंचा खास ‘सेर्व्हेल द कान्यू’, म्हणजे लसूण-कोथिंबिरीच्या जातीची पानं घातलेलं घट्ट दह्यासारखं ताजं चीज. क्रूस या विद्यार्थी सेवा संस्थेच्या, विद्यापीठातल्या खानावळीत शाकाहारी ताट बहुधा असतं. तिथला विद्यार्थी दर कित्येक वर्षं ३.३० युरो होता, इतकं स्वस्त दुसरीकडे कुठे मिळत नाही.

स्वतः करायचं असेल तर सुपरमार्केटमध्ये आपलं बरंच मिळतं, फक्त नाव माहीत हवं. मसुराची डाळ म्हणजे ‘लांतीय कोराय’. बेसन म्हणजे ‘फारीन द प्वा शिश’. रवा हवा असेल तर ‘समूल फीन’ घ्या, पण कुसकुसचा नको, तो आधीच वाफवलेला असतो आणि त्याचा उपमा होत नाही. ‘फेसेल’ म्हणून छोट्या चाळणीत ठेवलेलं ताजं चीज मिळतं. ते रात्रभर फडक्यात टांगलं की चक्क्याच्या जवळ जातं, आणि वेलची-साखर घालून यजमानांना श्रीखंड देता येतं. मोहरी, हिंग, कढीपत्ता यांसाठी गियोतियेर भागातल्या आशियाई दुकानांत जावं लागेल. यजमानांच्या घरात फोडणी करायची असेल तर आधी विचारा आणि खिडकी उघडा.

सहावा टप्पा : वर्ग आणि परीक्षा

दोन प्रकारचे तास असतात. ‘सेएम’ मोठ्या सभागृहात, प्राध्यापक दोन तास बोलतात, मुलं शब्दन् शब्द उतरवतात, प्रश्न कोणी विचारत नाही. ‘तेदे’ छोट्या गटाचा असतो, तिथे हजेरी धरतात आणि बोलावं लागतं. तेदे जास्त असतील असे विषय घ्या. गटात काम करताना फ्रेंच मुलांशी ओळख होते, आणि नोट्स मागायला जाणं ही पहिल्या आठवड्यातली उत्तम सबब आहे.

गुण २० पैकी. १० ला पास, १२ बरे, १४ चांगले, १६ उत्तम. १८ फार क्वचित कोणाला देतात. १३ गुण पाहून अमेरिकेतल्या आईवडिलांनी घाबरू नये, घरचं विद्यापीठ त्याचं रूपांतर करतं. फ्रेंच क्रेडिटला ईसीटीएस म्हणतात. पूर्ण सत्राचे ३० असतात, आणि बरीच अमेरिकन विद्यापीठं दोन ईसीटीएसचं एक क्रेडिट धरतात. कोणता विषय किती क्रेडिटचा धरणार, हे निघण्याआधी सल्लागाराकडून लेखी घ्या.

निबंधाची पद्धत वेगळी आहे. ‘दिसेर्तास्यों’ लिहिताना आधी प्रश्न मांडायचा, मग दोन किंवा तीन भागांची आखणी सांगायची, आणि तीच पाळायची. स्वतःचं मत पहिल्याच ओळीत ठासून सांगणं अमेरिकेत शिकवतात, इथे त्याला गुण जातात. तेदेच्या शिक्षकांकडून मागच्या वर्षीची एक चांगली उत्तरपत्रिका मागून पाहा.

परतीचं तिकीट काढण्याआधी परीक्षेच्या तारखा पाहा. पहिल्या सत्राच्या परीक्षा कधी डिसेंबरात, कधी जानेवारीत असतात, आणि अमेरिकेतलं पुढचं सत्र तेव्हा सुरू झालेलं असतं. जानेवारीची परीक्षा असेल तर ऑक्टोबरातच प्राध्यापकांना भेटून वेगळी सोय होते का ते विचारा.

सातवा टप्पा : आजारपण, सुरक्षितता, आणि घरच्यांशी बोलणं

साध्या दुखण्याला आधी हिरव्या क्रॉसचं औषधाचं दुकान. पॅरासिटामॉलसुद्धा सुपरमार्केटमध्ये मिळत नाही, पण फार्मासिस्ट नीट ऐकून सल्ला देतो आणि गरज असेल तर डॉक्टरकडे पाठवतो. डॉक्टरची वेळ ‘डॉक्टोलिब’ अ‍ॅपवर मिळते. साध्या डॉक्टरची ठरलेली फी डिसेंबर २०२४ पासून ३० युरो आहे. ती तिथेच भरायची, पावती घ्यायची आणि विम्याकडे मागायची. तातडीला १५ रुग्णवाहिकेसाठी, १७ पोलिसांसाठी, १८ अग्निशमनासाठी, आणि कशालाही ११२.

मोठी भीती बाळगायचं कारण नाही. पाकीटमारी मात्र होते : फोन कॅफेच्या टेबलावर ठेवू नका, मेट्रोत बॅग पुढे घ्या. पोलीस ओळखपत्र मागू शकतात, पासपोर्टची आणि व्हिसाच्या पानाची प्रत जवळ ठेवा. इथे १८ व्या वर्षी दारू विकत घेता येते हे आईवडिलांनी मुलांशी आधीच मोकळेपणी बोलावं. फ्रेंच मुलं ती जेवणासोबत सावकाश घेतात, आणि रस्त्यात झिंगलेला विद्यार्थी सोप्या चोरीचं गिऱ्हाईक ठरतो.

आपल्या मुलांना एक प्रश्न हमखास येतो : तुम्ही मूळचे कुठले? ‘अमेरिकेचा’ म्हटल्यावर पुन्हा तेच विचारतात. बहुतेकदा कुतूहल असतं. दोन वाक्यांचं उत्तर फ्रेंचमध्ये पाठ करून ठेवा : जन्म अमेरिकेत, आईवडील महाराष्ट्रातले, घरी मराठी बोलतो. त्यातून भारताबद्दल लांबलचक गप्पा सुरू होतात, आणि त्या सगळ्या फ्रेंचमध्ये. फ्रान्समध्ये मॉरिशसहून आलेली बरीच माणसं आहेत, आणि त्या बेटावर मराठी वंशाचा समाज आहे. असं कोणी भेटलं तर गणपतीवर तासभर बोलणं होईल, तेही फ्रेंचमधूनच.

घरच्या फोनची वेळ ठरवून घ्या. न्यू यॉर्क फ्रान्सच्या सहा तास मागे असतं, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपची घड्याळं मागे जातात आणि अमेरिकेची त्यानंतरच्या रविवारी, त्यामुळे मधला एक आठवडा फरक पाच तासांचा होतो. पुण्यातल्या आजीसाठी फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. रोज तासभर फोनवर बसणाऱ्या मुलाची संध्याकाळ संपते. आठवड्यातून दोनदा पुरेसं आहे, आणि हे आईवडिलांनी स्वतःहून म्हणावं.

आठवा टप्पा : मोकळा वेळ

एक छंद पकडा जो फ्रेंच माणसांसोबत आठवड्याला ठरलेल्या दिवशी होतो. विद्यापीठाचा गायनवृंद, गिर्यारोहण, बॅडमिंटन, काहीही. सप्टेंबरच्या सुरुवातीला शहरांत ‘फोरम दे झासोसियास्यों’ भरतो, तिथे सगळ्या मंडळांचे टेबल मांडलेले असतात. नाव तिथेच नोंदवा. प्रवास करायचाच तर १२ ते २७ वयासाठी रेल्वेचं ‘कार्त आव्हांताज जन’ हे सवलत कार्ड घ्या, तिकिटावर ३० टक्के सूट मिळते. महिन्यातले दोन शनिवार-रविवार मात्र लियोंतच ठेवा.

८ डिसेंबरला तर शहर सोडूच नका. १८५२ साली याच तारखेला फुर्व्हिएरच्या टेकडीवर मरियमच्या मूर्तीचं अनावरण झालं आणि लोकांनी खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. ती रीत अजून चालू आहे. रंगीत काचेच्या छोट्या ग्लासात मेणबत्ती ठेवून दिवाळीच्या पणत्यांसारखी ओळ मांडतात. चौकांतल्या मोठ्या रोषणाईला लाखो माणसं येतात, पण यजमानांसोबत घरच्या खिडकीत हे ‘ल्यूमिन्यों’ (ग्लासातले दिवे) लावणं जास्त जवळचं. सामान विकत आणायला तुम्हीच जा, म्हणजे दुकानात चार वाक्यं बोलावी लागतील.

शेवटचे पंधरा दिवस

फोनचा प्लॅन, वाहतुकीचा पास, घराचा विमा लेखी बंद करा. नाहीतर पैसे जात राहतात. भाड्याच्या खोलीचा ‘एता दे लिय’ परत जाण्याच्या आधी दिवसाउजेडी करून घ्या आणि अनामत कोणत्या खात्यात यायची ते लिहून द्या. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, वाचनयादी आणि तपासलेले पेपर स्कॅन करून ठेवा, कारण घरचं विद्यापीठ क्रेडिट देताना तेच मागतं. गुणपत्रक, म्हणजे ‘रलव्हे द नोत’, फेब्रुवारी-मार्चपर्यंत लांबू शकतं. आंतरराष्ट्रीय विभागातल्या बाईंना निघण्याआधी प्रत्यक्ष भेटा, तुमचा अमेरिकेतला ईमेल त्यांच्याकडे नोंदवा, आणि गुणपत्रक थेट कोणाला पाठवायचं ते नाव-पत्त्यासह कागदावर लिहून द्या.